नूरानी कायदा आणि बाकीचे कायदे

आमच्या मोहल्ल्यात पाच वर्षांच्या पोराच्या हातात पहिलं पुस्तक येतं ते ‘नूरानी कायदा’. अलिफ, बे, ते. मग जबर, जेर, पेश. कोर्टात चालतो त्यालाही आपण कायदाच म्हणतो. आणि तबल्याच्या शिकवणीला बसलेल्या मुलाचा ठेका पक्का झाला की गुरुजी त्याला पुढे जे देतात, त्याचंही नाव कायदा. शब्द एकच आहे, अरबी ‘काइदा’. धातू बसण्याचा. काइदा म्हणजे बैठक, पाया, ज्याच्यावर बाकीचं उभं करायचं ते.

गंमत म्हणून हे सांगत नाहीये, मला भांडायचं आहे. एका शब्दाच्या पोटात राहणाऱ्या या गोष्टी आपण मराठी मुसलमानांनी वेगवेगळ्या माणसांना वाटून टाकल्या आहेत. अरबी मौलानांकडे. कायदा तालुक्याच्या वकिलाकडे. गोरगरिबांची मदत जमातीच्या खिदमत कमिटीकडे. संगीत कुणाकडेच नाही, ते उंबऱ्याबाहेर. यांचं एकमेकांशी बोलणं नाही. प्रत्येकजण आपापल्या कामात प्रामाणिक आहे असं मी धरून चालते. तरीही त्या सगळ्या प्रामाणिकपणाची बेरीज काय येते ते मी बघितलं आहे.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वय एकतीस, दोन मुलं, नवरा कुवेतला. हातात कागद. “टीचर, एवढं वाचून सांगा.” तलाकनामा होता. मेहरची ठरलेली रक्कम आणि इद्दतीच्या तीन महिन्यांचा खर्च एवढ्याचा ड्राफ्ट सोबत. जमातीच्या लोकांनी सांगितलं होतं की शरियतप्रमाणे एवढंच निघतं, आता वाद वाढवू नको. खिदमत कमिटीने तिला शिलाई मशीन दिलं, रेशन किट दिलं, आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. तालुक्याला एक वकील गाठला तर तोच तिला विचारतो, “तुमच्यात तीन महिन्यांचंच असतं ना?”

तुमच्यात तीन महिन्यांचंच असतं. हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकते आहे. हिंदू शेजारी म्हणतात, आपले पुढारी म्हणतात, टीव्हीवरचे दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात. आणि ते खरं नाही. त्यासाठी बंडखोर व्हायची गरज नाही, धर्म सोडायची तर नाहीच नाही. फक्त एक अरबी शब्द वाचता यायला हवा.

तो शब्द ‘मता’. सूरह बकरहच्या २४१ व्या आयतीत आहे. तलाक दिलेल्या स्त्रियांना रीतीला धरून मता मिळायला हवा, अल्लाहचं भय बाळगणाऱ्यांवर हे कर्तव्य आहे, असा तिचा आशय. त्याच सूरहमध्ये थोडं अलीकडे, २३६ व्या आयतीत, ऐपतवाल्याने आपल्या ऐपतीने द्यावं आणि तंगीतल्याने आपल्या, असंही आहे. मता म्हणजे उपयोगाला येणारी चीजवस्तू, सोय, तरतूद. इद्दतीतला खर्च वेगळा, त्याला ‘नफका’ म्हणतात. दोन शब्द, दोन हक्क. आम्ही दुसरा लक्षात ठेवला आणि पहिला गिळला.

आता मराठीत या. ‘मालमत्ता’ हा शब्द रोज वापरता ना? मालमत्ता कर, मालमत्तेची वाटणी, मालमत्ता पत्रक. त्यातला माल अरबी आणि मत्ता म्हणजे हाच मता. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर छापलेला शब्द आहे हा. आणि त्याच आयतीत ‘मारूफ’ आहे, चारचौघांत चांगली म्हणून ओळखली जाणारी रीत. आपल्या ‘मार्फत’चा आणि ‘तारीफ’चा धातू तोच. म्हणजे शेजारच्या देशपांडेकाकूंच्या तोंडात या आयतीचे दोन शब्द दिवसातून दहादा येतात आणि आमच्या हाफिज झालेल्या मुलाला, ज्याला ही आयत तोंडपाठ आहे, तिचा अर्थ ठाऊक नाही. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलाच नाही.

आम्ही कोकणी लोक शाफई मझहबचे. नमाजेत हात कुठे बांधायचे यावरून हनफींशी वाद घालताना आम्हाला आपलं शाफईपण बरोबर आठवतं. तेव्हा आणखी एक आठवावं. शाफई फिकहमध्ये तलाक झालेल्या बाईला द्यायची ही तरतूद, तिला तिथे ‘मुतआ’ म्हणतात, ती वाजिब आहे. बंधनकारक. अपवाद अगदी मोजका : मेहर ठरलेला असून एकत्र राहणं झालंच नाही, तर. हनफींकडे बहुतेक प्रसंगी ती दिली तर बरं या दर्जाची आहे, आमच्याकडे तशी नाही. इमाम नववी तेराव्या शतकातले, शाफई फिकहमधलं सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. त्यांच्या ‘मिन्हाज’मध्येही हे आहे, आणि रकमेवर दोघांचं जुळलं नाही तर काझीने दोघांची परिस्थिती बघून आकडा ठरवावा, हेही. माझ्या विद्यार्थिनीचा तलाक ज्या जमातीच्या कार्यालयात नोंदवला गेला तिथे शाफई फिकहची किताबं काचेच्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे.

मौलाना म्हणतील, बाई, तुम्ही उर्दू-मराठीच्या शिक्षिका, बी.एड. केलेलं, तुम्ही फिकहमध्ये कशाला पडता? पडते, कारण कागद वाचायला बायका माझ्याकडे येतात, तुमच्याकडे नाही. आणि बी.एड.च्या पहिल्याच वर्षी मला शिकवलं गेलं की आकलनाशिवाय उच्चार केला तर त्याला वाचन म्हणत नाहीत.

याच एका शब्दावरून देश पेटला होता. शहाबानो इंदूरच्या. १९३२ मध्ये लग्न, पाच मुलं, १९७५ मध्ये नवऱ्याने घराबाहेर काढलं. नवरा पेशाने वकील, हे विसरू नका. १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागितली, तर त्याने तलाक देऊन टाकला. खालच्या कोर्टाने महिना पंचवीस रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे. एवढ्याशा रकमेसाठी हा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, आणि त्यात ही आयत आली. पर्सनल लॉ बोर्डाचं म्हणणं होतं की मताचं भाषांतर ‘निर्वाहखर्च’ चुकीचं आहे, खरा अर्थ ‘तरतूद’. न्यायालय म्हणालं, हा फरक नुसता शब्दांचा. मग मोर्चे, मग १९८६ चा कायदा. बोर्डाला हवे तसे शब्द त्यात पडले : वाजवी आणि न्याय्य तरतूद, आणि निर्वाहखर्च, इद्दतीच्या मुदतीत.

सगळ्यांनी धरून चालले की बाई हरली. पण शहाबानोंचे वकील दानियल लतीफी यांनी हा कायदा शांतपणे वाचला आणि त्यालाच आव्हान दिलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कायदा रद्द केला नाही, त्यातले शब्द सोडवून दाखवले. निर्वाहखर्च इद्दतीपुरता. पण तरतूद वेगळी, ती बाईच्या पुढच्या आयुष्यासाठी. ती इद्दतीच्या मुदतीत करून द्यायची, इद्दतीपुरती नाही. म्हणजे बोर्डानेच आग्रह धरलेला ‘तरतूद’ हा अर्थ बाईच्या कामी आला. तबला शिकणाऱ्याला हे लगेच कळेल. कायद्यात बाहेरचा बोल आणायचा नाही, असलेल्या बोलांचेच पलटे करायचे असतात, आणि त्यातून वाजवणाऱ्याची अक्कल दिसते. आमच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तर हाच अर्थ २००० मध्येच लावला होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या १२५ व्या कलमाची वाटही मुसलमान तलाकशुदा बाईला खुली असल्याचं सांगितलं. इतकं सगळं होऊन तालुक्याचा वकील विचारतो, तुमच्यात तीन महिन्यांचंच असतं ना?

लतीफी निकालाच्या आदल्या वर्षी गेले, तो त्यांना ऐकायला मिळाला नाही. हा माणूस आला कुठून, हे बघण्यासारखं आहे. आईकडून ते बद्रुद्दीन तय्यबजींचे नातू.

बद्रुद्दीन तय्यबजींचं नाव आपल्याला शाळेत काँग्रेसचे १८८७ चे अध्यक्ष म्हणून पाठ करायला लावतात. त्यापलीकडे ते मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर, १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत पुढे, १८९५ पासून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात जामीन नाकारला जात होता, तो दिला तय्यबजींनी. त्या वेळी टिळकांचे वकील दावर होते. तेच दावर १९०८ मध्ये न्यायमूर्ती म्हणून समोर बसले आणि त्यांनी जामीन नाकारला. असो. बद्रुद्दीन यांचे पुतणे अब्बास तय्यबजी बडोद्याचे न्यायाधीश होते. निवृत्त झाल्यावर जालियनवाला बागेनंतर पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी करायला काँग्रेसने जी समिती नेमली, त्यात ते गांधीजी, चित्तरंजन दास आणि आपल्या मुंबईच्या जयकरांबरोबर होते. मार खाल्लेल्यांच्या जबान्या कायद्याच्या शिस्तीने नोंदवायच्या, हे त्यांचं मदतकार्य. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या सत्याग्रहाला पुढे निघाले तेही अब्बासच, सत्तरी ओलांडलेले. त्यांची मुलगी रेहाना. गांधीजींच्या प्रार्थनेत भजनं गाणारी, आणि गांधीजी जिच्याकडून उर्दू शिकत होते ती.

नात्यातच फैझी घराणं. अतिया फैझींनी हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहून १९१४ मध्ये लंडनमध्ये छापलं. त्यांची बहीण नाझली आमच्या मुरूड-जंजिऱ्याची बेगम. त्याच घराण्यातले आसफ अली असगर फैझी, जन्म माथेरानचा, १८९९ चा. १९३८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक वकिलीच्या कितीतरी पिढ्यांनी वाचलं. आणि याच माणसाने काझी नुमान यांचा दहाव्या शतकातला ‘दआइमुल इस्लाम’ हा अरबी ग्रंथ हस्तलिखितांवरून शुद्ध करून कैरोमध्ये छापला. मधल्या काळात भारताचे इजिप्तमधले राजदूतही होते. आपली अरबी हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिली. कायदा आणि अरबी एका टेबलावर ठेवून काम कसं करतात, हे बघायला आपल्याला बगदादला जायची गरज नाही. फोर्टात जायची आहे.

तुम्ही म्हणाल, ते श्रीमंत बोहरी होते, सुलेमानी, बंगल्यांतले, विलायतेत शिकलेले. त्यांचं कौतुक आम्हाला कशाला? बरोबर आहे. मग मिरजेला चला. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी जी मुसलमान घराणी आहेत ती मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. राज्यं गेली, तलवारींचं काम संपलं, तेव्हा हे लोक तुंब्याला तारा चढवायला शिकले. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसाला तिथे गाणं होतं. त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं होतं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबला वाजवत. महाराष्ट्राच्या कानांवर मुसलमानांचं एवढं ऋण आहे, आणि आमच्या शाळेची पेटी स्टोअर रूममध्ये बंद आहे.

हो, बंद आहे. गॅदरिंगच्या तीन आठवडे आधी दरवर्षी ठराव होतो : तराना चालेल, नात चालेल, वाद्य चालणार नाही. मुली टाळ्यांवर गातात. सुर प्रत्येकीचा वेगळा, शेवटच्या कडव्यापर्यंत पट्टी दोन घरं वर चढलेली.

विरोधकांची बाजू मी नीट मांडते, कारण ती पोकळ नाही. सूरह लुकमानमध्ये ‘लह्वल हदीस’वर टीका आहे आणि इब्न मसऊद यांच्यासारख्या सहाबींनी त्याचा अर्थ गाणं असा केला. सही बुखारीत एक हदीस आहे, तिच्यात वाद्यांना हलाल मानू लागणाऱ्या लोकांबद्दल इशारा आहे. चारही मझहबच्या बहुसंख्य फुकहांनी तंतुवाद्यांना नाही म्हटलं. एवढं सगळं खरं. आता दुसरंही वाचा. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे की ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबूबकर रागावले, आणि पैगंबरांनी (स.) त्यांनाच थांबवलं, आज ईद आहे, असू दे, या अर्थाचं बोलून. कुर्तुबाचे इब्न हज्म मोठे फकीह. त्यांनी वाद्यांच्या त्या हदीसच्या साखळीवरच बोट ठेवलं. आणि आपले इमाम गझाली, शाफई, बगदादच्या निझामियातले प्राध्यापक, त्यांनी ‘एहया’मध्ये समा म्हणजे संगीतश्रवण या विषयावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. पाखराचा गोड आवाज हराम नाही, तर माणसाच्या गळ्यातून आलेला तालासुरातला आवाज केवळ गोड म्हणून हराम कसा होईल? मग शब्द काय आहेत, ऐकणारा कोण आहे, जागा कुठली आहे, हे बघावं लागतं. काही तारेची आणि फुंकायची वाद्यं त्यांनी नाकारली, पण कारण सांगून : ती त्या काळी दारूच्या मैफलींची खूण होती. आमच्या गॅदरिंगला पाचवीच्या मुली आणि कोकम सरबत असतं.

हे सगळं वाचूनही एखाद्याला वाटलं की पेटी नको, तर मी त्याचा मान राखीन. न वाचता कुलूप लावणाऱ्याचा नाही.

संगीत या यादीत हवंच कशाला, असं माझे काही पुरोगामी मित्रही विचारतात. कायदा घ्या, शिक्षण घ्या, गाण्यावरून मौलानांशी कशाला उगाच? उगाच नाही. अरबी ही कानाची भाषा आहे. तजवीद म्हणजे काय? कुठला स्वर किती मात्रा लांबवायचा, कुठे आवाज नाकात न्यायचा, कुठे थांबायचं, याचं शास्त्र. इजिप्तचे नामवंत कारी बयाती, रास्त, हिजाज अशा मकामांत तिलावत करतात, आपल्या रागांसारखेच ते. उम्मे कुलसूम मशिदीच्या इमामाची मुलगी. गावच्या मकतबात शिकलेली, बापाबरोबर मजहबी गाणी गात फिरलेली. तिचे अरबी उच्चार इतके स्वच्छ का, याचं उत्तर अरब लोक तिच्या कुरआनच्या शिक्षणात शोधतात. आमच्या मकतबात सुरेल मुलीला शाबासकी मिळते ती दहाव्या वर्षापर्यंत. मग तिला सांगतात, आता आवाज खाली. हीच मुलगी एकतिसाव्या वर्षी जमातीच्या कार्यालयात चार पुरुषांसमोर बसते तेव्हा तिचा आवाज निघत नाही, आणि आम्ही म्हणतो, काय शरीफ बाई आहे.

तुर्कस्तानात एदिर्नेला सुलतान दुसऱ्या बायझीदने १४८४ ते १४८८ या काळात एक संकुल बांधलं. मशीद, दवाखाना, वैद्यकाचा मदरसा, गरिबांना जेवण देणारं लंगरखान्यासारखं घर. सगळा खर्च वक्फमधून. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी तिथे गेला, त्याने लिहून ठेवलं आहे की रोग्यांसाठी, विशेषतः वेड लागलेल्यांसाठी, दहा कलावंत नेमले होते. तिघे गाणारे, बाकीचे नय, संतूर, ऊद वगैरे वाजवणारे, आठवड्यातून तीनदा येत. आज तिथे वैद्यकाचं संग्रहालय आहे. वक्फ ही कायद्याची चीज, दवाखाना रहमतीची, आणि आत संतूर. तिथल्या उलेमांना दीन कमी कळत होता का?

वक्फचं नाव आलंच आहे. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याविरुद्ध आमच्याकडे मोर्चा निघाला, मीही गेले होते, आजही विरोधातच आहे. पण मोर्च्यातल्या किती जणांनी आपल्या मशिदीचा वक्फनामा वाचला आहे? वाकिफने उत्पन्न कशासाठी लावलं होतं, मुसाफिरांसाठी, विधवांसाठी, विहिरीसाठी, कुणाला माहीत आहे? १९८६ च्या त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे की तलाकशुदा बाई स्वतःचं भागवू शकत नसेल आणि नातेवाईकांचीही ऐपत नसेल, तर मॅजिस्ट्रेट वक्फ बोर्डाला पैसे द्यायला सांगू शकतो. खिदमत कमिटीतल्या एकालाही हे कलम ठाऊक नव्हतं. शिलाई मशीन ठाऊक होतं.

खिदमतीच्या लोकांची मी चेष्टा करत नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात, करोनात, हेच लोक पाण्यात आणि कब्रस्तानात उभे होते. पण मदतीला डोकं हवं. जकातीचे आठ हकदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत मोजून दिले आहेत. गरीब आणि मोहताज हे पहिले दोन. आम्ही तिथेच थांबतो, कारण पुढचं वाचत नाही. पुढे आहेत ‘रिकाब’, ज्यांच्या माना अडकल्या आहेत ते, गुलाम आणि बंदी. पुढे ‘गारिमीन’, कर्जात बुडालेले. आज कुणाची मान अडकली आहे? जामीन मंजूर झाला पण हमीची रक्कम नाही म्हणून तुरुंगात पडलेल्या कच्च्या कैद्याची. जामीन हा शब्दही अरबी, ‘दामिन’, हमी घेणारा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात आहे की पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत कोठडीत काढली तर त्याला सोडायला हवं, जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले सोडून. कुणीतरी तारखा मोजून अर्ज करायला हवा एवढंच. यासाठी जकातीचा पैसा वापरता येईल का, हा प्रश्न रमजानच्या एकाही बयानात मी ऐकलेला नाही. किटमध्ये खजूर कुठल्या कंपनीचे, यावर चर्चा ऐकली आहे.

आणि बाईला तर पैसेही लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं टेबल असतं. माझ्या विद्यार्थिनीला मी तिथे घेऊन गेले. तरतुदीसाठी अर्ज दाखल झाला आहे. कायद्यात निकालाला एक महिन्याची मुदत लिहिली आहे, अकरा महिने झाले.

पुरोगाम्यांनाही दोन शब्द सुनावायचे आहेत. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात बायका घेऊन मुंबईत मोर्चा काढला, त्या सात जणींपुढे मी मान झुकवते. पण त्यांच्यानंतरच्या अनेकांनी अरबी मौलानांना दान करून टाकली. “संविधान आहे ना, आयत कशाला?” संविधान आहेच. पण ज्या बाईला घरात, माहेरात, मशिदीत आयत दाखवून गप्प केलं जातं तिला उत्तरही आयतीनेच द्यावं लागतं, नाहीतर कोर्टात जिंकून ती घरी एकटी पडते. दानियल लतीफींना दोन्ही वाचता येत होतं.

कोकणातून अर्धी तरुण पोरं खाडीच्या देशांत जातात. तिथला कामाचा करार अरबीत असतो, दोन भाषांत असला तर वादात अरबी मजकूर धरला जातो. वीस वर्षं कुरआन वाचलेला आमचा मुलगा त्या करारावर न वाचता सही करतो. मग पासपोर्ट अडकला की फोन येतो. अरबी सवाबासाठी आहे, मान्य. पण ती भाषा आहे, आणि भाषा वाचायची असते.

माझ्या नववीच्या मराठीच्या तासाला मी फळ्यावर शब्द लिहिते : हक्क, वारस, वकील, दावा, हुकूम, अर्ज, जप्ती, तहसील, तालुका, जिल्हा. जिल्हा म्हणजे मुळात बरगडी, बाजू, हे ऐकून पोरं आपल्या फासळ्या चाचपतात. एका धातूवरून पाच शब्द काढायला मुलांना फार आवडतं, कोड्यासारखं वाटतं. सहा महिन्यांत त्यांच्या लक्षात येतं की आपल्याला अरबी थोडी येतेच, मराठीतून येते. बोर्डाच्या विषयांच्या यादीत अरबी आहे, फक्त शाळेने घ्यायची आहे.

तसा अर्ज मी शाळा कमिटीला दिला आहे. आठवीपासून अरबी अर्थासकट. महिन्यातून एकदा विधी सेवा समितीच्या वकिलाचं पालकांसाठी, मुख्यतः आयांसाठी, तासभर बोलणं, आणि त्याच दिवशी खिदमत कमिटीनेही तिथे बसायचं. पेटी स्टोअर रूममधून बाहेर, आणि संगीत येणारा शिक्षक, मिरजेहून मिळाला तरी चालेल. पहिल्या दोन गोष्टींना सेक्रेटरीसाहेबांनी मान डोलावली. तिसरीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.

गझालींच्या त्या प्रकरणाचा उर्दू तर्जुमा मिळतो. कमिटीचे सदस्य सात आहेत, सात झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. मीटिंग रमजाननंतरच्या दुसऱ्या रविवारी.